आडाचं माप

मी एका गावाच्या आडात पाच वर्षं पावडर टाकली आणि त्यातली पहिली दीड वर्षं ती कुणाच्याही पोटात गेली नाही. आज हे मला हसत सांगता येतं. तेव्हा कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. राग माझ्या नाकावरच असायचा, आणि त्यातून मी सरकारी माणूस.

मी आरोग्य सेवक होतो. सिरसाळ्यापासून सायकलवर पाऊण तासाच्या अंतरावर हे गाव. गावातल्या दोन हातपंपांपैकी एकाचं पाणी मचूळ होतं आणि दुसरा दुरुस्त असण्यापेक्षा नादुरुस्तच जास्त असायचा. त्यामुळे सगळं गाव एका आडावर पाणी भरायचं. आडाला कठडा होता, पण त्याच्या कडेलाच धुणी चालायची, जनावरं पाण्याला यायची आणि तो चिखल पुन्हा आतच झिरपायचा. माझं काम एवढंच, की आठवड्यातून दोनदा त्या पाण्यात टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरीनची पावडर टाकायची आणि वहीत तशी नोंद करायची. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी बरोबर आठला माझी सायकल आडाजवळ उभी असायची. पाऊस असो, ऊन असो, पाच मिनिटांचाही फरक नाही. आमच्या आरोग्य केंद्रात माझी वही इतरांना दाखवायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

मी त्याच गावात एका शिंपीणबाईंच्या घरात खोली घेऊन राहात होतो. त्या जातीनं शिंपी नव्हत्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या होत्या. नवरा मालट्रकवर, महिना महिना बाहेर. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या. सासूबाई मात्र मला लेकरा म्हणायच्या आणि माझ्या नोकरीला फार काही किंमत द्यायच्या नाहीत. पाण्यात पांढरी पूड टाकायला सरकार पगार कशाला देतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ताईंना एकच गोष्ट पाहिजे होती: पिको-फॉलचं मशीन. ती वर्षं साड्या बदलण्याची होती. टीव्हीवर वाहिन्या वाढल्या, सिरसाळ्याच्या बाजारात सुरतेच्या चकचकीत साड्यांचे ढीग लागू लागले आणि नऊवारी नेसणाऱ्यांच्या लेकीसुनांना पाचवारीला फॉल लागायला लागला. फॉल-पिकोला साडी द्यायची तर सिरसाळा किंवा अंबाजोगाई गाठावी लागायची. गावात मशीन आलं तर चार खेड्यांचं काम ताईंकडे येणार, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. ब्लाउज शिवून त्या एका डब्यात पैसे टाकायच्या. दिवाळीनंतर तो डबा जड व्हायला लागायचा आणि वैशाखात रिकामा व्हायचा.

वैशाखात काय व्हायचं, ते मी पहिल्याच वर्षी पाहिलं. भर दुपारी सासूबाईंना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तासाभरात म्हातारीचे डोळे खोल गेले. मी मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पण ते पोटात टिकेना. शेवटी जीप केली, अंबाजोगाईला नेलं, खासगी दवाखान्यात सलाईनवर सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी म्हातारी चालत घरी आली. ताईंनी डबा उघडून मला दाखवला. त्यात सुटी बटणं आणि एक सुई होती.

"दर साली असंच होतंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "गेल्या साली मी पडलते, त्याच्या आदल्या साली ह्या. मशीन दवाखान्यातच ऱ्हातंय बगा आमचं."

मला सहानुभूती वाटायला हवी होती. मला आला राग. आडात तर मी वेळच्या वेळी औषध टाकत होतो, मग हे लोक आजारी पडतातच कसे? मी उघड्यावरच्या कलिंगडाला दोष दिला, उसाच्या रसाला दिला, लग्नाच्या पंगतींना दिला, हात न धुण्याला दिला. त्या वैशाखात गावातून अशा सात-आठ जीपा गेल्या आणि प्रत्येक जीपेमागे मी एक नवा दोषी शोधला. माझ्या वहीला हात लावायचं मात्र मनात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला केंद्रातून मला ओटीच्या द्रावणाची नवी बाटली मिळाली. पाण्यात क्लोरीन आहे की नाही, हे त्या द्रावणानं कळतं. दोन-चार थेंब टाकले की औषध असलेलं पाणी पिवळं होतं. मी ही तपासणी आडावर करायचो. नियम घरांतही करा असा होता, पण आडाचंच पाणी घरी जातं, मग घरोघर कशाला हिंडायचं, असा माझा हिशोब. त्या दिवशी शुक्रवार होता, सकाळी पावडर टाकून मी खोलीवर आलो होतो. नवं द्रावण चांगलं आहे का ते पाहावं, म्हणून माझ्याच माठातलं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

बाटली खराब निघाली, असं मी धरून चाललो. तरी खात्री करावी म्हणून आडावर गेलो. तिथं थेंब टाकले तर पाणी झटकन नारिंगी झालं. परत खोलीवर आलो, पुन्हा माठातलं पाणी घेतलं, पुन्हा काही नाही. मी ताईंना हाक मारली. माझा माठ त्याच भरायच्या.

"ताई, हे पाणी कधीचं?"

"आजचंच हाय की. सकाळी सातचं."

"सातचं? मी आठला पावडर टाकतो."

"मंग काय तर," ताई म्हणाल्या. "तुमी यायच्या आदी समदा गाव पाणी भरून घेतो. त्या वासाचं पाणी कुनी प्यावं? डाळ शिजत न्हाई, चहा कडू लागतो. मंगळवारचं अन् शुक्रवारचं भरून ठिवलं की दुसऱ्या दिशी सांजच्यापतूर वास गेलेला असतो." आणि मग माझं तोंड पाहून त्या समजुतीनं म्हणाल्या, "तुमचा माठ बी मी आठच्या आतच भरते. तुमी बिचारे घरापासून लांब ऱ्हाता, तुमाला कावून वास पाजावा?"

मी खाटेवर बसलो. दीड वर्ष माझ्या औषधाचा एक घोटसुद्धा मी स्वतः प्यायलो नव्हतो. आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर माझ्या वक्तशीरपणाच्या. सायकल आठला येते हे गावाला इतकं पक्कं माहीत होतं, की सातला आडावर रांग लागायची. मी थोडा कामचुकार असतो, कधी सहाला कधी दहाला उगवलो असतो, तर निदान अर्ध्या गावाच्या पोटात औषध गेलं असतं.

पुढच्या मंगळवारी मी साडेसहालाच आडावर गेलो आणि रांगेतल्या बायकांना फैलावर घेतलं. तुमच्या अडाणीपणामुळं म्हाताऱ्याकोताऱ्या मरतील, सरकार पैसा ओततं आणि तुम्ही वासाचं कौतुक करता, असं बरंच बोललो. बायका खाली मान घालून ऐकत राहिल्या आणि हातानं भराभर रहाट ओढत राहिल्या. माझं भाषण संपेपर्यंत सगळ्यांच्या घागरी भरल्या होत्या.

मग मी वार बदलून पाहिले. कधी बुधवारी, कधी रविवारी, कधी तर दुपारी. त्यावर गावानं दोन दिवसांत तोड काढली. माझी सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की पहिल्या घरातली बाई दुसरीला हाक द्यायची, दुसरी तिसरीला, आणि मी पोचेपर्यंत आडावर हंड्यांची गर्दी. एवढी शिस्त मी आमच्या खात्यात कधी पाहिली नाही. चहाच्या टपरीवर मला बघून गडी गालात हसायचे. मी घरी येऊन ताईंपुढे आदळआपट करायचो आणि त्या बिचाऱ्या पाय शिलाई मशीनवर ठेवून ऐकून घ्यायच्या.

असाच एक दिवस मी तावातावानं बोलत होतो. वासबीस काही नसतो, सगळे मनाचे खेळ आहेत, असं माझं चाललेलं. ताईंसमोर गावातली एक बाई ब्लाउजचं माप द्यायला उभी होती. ती म्हणत होती, की मागच्या दिवाळीचं माप तुझ्या वहीत आहे, त्याच्यावरूनच शिव. ताईंनी ऐकलं नाही. गळ्यातला टेप काढून नव्यानं माप घेतलं. "बाळातपनानंतर तू निम्मी झालीस, बाई. वहीतल्या मापानं शिवला तर खांद्यावरून उतरून जाईल," असं म्हणत त्यांनी वहीतला जुना आकडा खोडला. ती बाई गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, वास येतो. खोटं न्हाई सांगत. पन पावसाळ्यात येत न्हाई, उन्हाळ्यात लई येतो. असं कावून?"

मी त्यांना शास्त्र समजावायला बसलो. आडाची रुंदी, पाण्याची खोली, त्यावरून किती लिटर पाणी, आणि तितक्या पाण्याला इतकी पावडर. आपल्या आडात पंधरा फूट पाणी आहे, माझ्या आधीच्या माणसानं मोजून वहीत लिहून ठेवलंय, मी त्याच हिशोबानं टाकतो. वर उन्हाळा म्हणून पदरची एक मूठ जास्तच टाकतो, हेही मी अभिमानानं सांगितलं.

ताईंनी टेप गळ्यात अडकवला. "पंधरा फूट? आता? चैतात?"

मी वही उघडून मापाचं पान काढलं.

"ते माप कंदी घेतलं हुतं, भाऊ? आड भरलेला असतानाच ना?"

त्या क्षणी मला कुणी आडात ढकललं असतं तर बरं झालं असतं. दिवाळीच्या भरल्या आडाचं माप मी चैत्रातल्या आटलेल्या आडाला लावत होतो. दोन उन्हाळे. आणि वरून एक मूठ. थेंबांनी आडाचं पाणी पिवळं न होता नारिंगी का झालं होतं, ते आता कळलं.

आम्ही तसेच आडावर गेलो. दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडला आणि वर ओढला. दोराचा जेवढा भाग भिजला होता, त्यावर ताईंनी त्यांचा शिवणकामाचा टेप धरला. टेप पाच फुटांचा. भिजलेला दोर त्यातही पुरता भरला नाही. आडावर पाणी भरणाऱ्या बायका हातातलं काम सोडून आमच्याकडे बघत होत्या. ताई मोठ्यानं म्हणाल्या, "चार फूट हाय गं पानी. अन् भाऊ पंदरा फुटाचं औशध टाकत हुते!" बायका अशा हसल्या, की रहाटाच्या चाकावरची पाखरं उडाली. मीही हसलो. आधी लाजेनं, मग खरोखर. कितीतरी दिवसांनी त्या आडावर माझं कुणाशी भांडण नव्हतं.

केंद्रातल्या जुन्या कर्मचाऱ्याकडून मी काम पुन्हा शिकून घेतलं. पावडर कोरडी फेकायची नाही. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी आडात सोडायची. पोहरा चार वेळा खालीवर करून पाणी ढवळायचं आणि तासभर कुणी भरायचं नाही. हे सगळं मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी ते घाईनं विसरून गेलो होतो, कारण आठची वेळ गाठायची असायची.

ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पुरणार नाही, रोज थोडं थोडं टाकलं तर वासही लागणार नाही आणि एकही दिवस सुटणार नाही. रोज सकाळी आडावर एवढा वेळ देणं मला जमणार नव्हतं, माझ्याकडे आणखी चार गावं होती. "मंग माज्याकडं द्या की," त्या म्हणाल्या. "मी रोज उठल्यावर पैलं काम तेच करीन." माझ्या हातातली पावडर दुसऱ्या कुणाला द्यायची, हे मला आधी जडच गेलं. पण द्यावी लागली. त्यांनी दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला किती चमचे, ते मी चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून दिलं. दर सोमवारी त्या दोर सोडून पाणी मोजायच्या. पाणी एक गाठ उतरलं की त्या दिवसापासून औषधही उतरायचं. जनावरांचं पाणी आणि धुणं मात्र सरपंचांच्या पाया पडून, त्यांना दोनदा चिडवून आणि एकदा चहा पाजून मी आडापासून लांब न्यायला लावलं.

पहिल्या दिवशी बायका तासभर थांबल्या, पण भरायला पुढं कुणी होईना. सगळ्यांचं लक्ष सासूबाईंकडे होतं, कारण गावात चहाची खरी पारख त्यांना. त्यांनी पहिली कळशी घरी आणली, चहा टाकला, वास घेतला, घोट घेतला. "येतोय जरासा," त्या म्हणाल्या. मग दुसरा घोट घेतला. "पन पिण्याजोगा हाय." एवढ्यावर गावानं पाणी भरलं. मी त्याच दिवशी बारा घरं हिंडून प्रत्येकाच्या रांजणातलं पाणी नळीत घेतलं. बारा ठिकाणी फिकट पिवळा रंग आला. मला इतका आनंद झाला, की तेराव्या घरी मी चहा मागून प्यायलो.

तरी वैशाख लागल्यावर माझी झोप उडाली. आजूबाजूच्या खेड्यांतून जीपा अंबाजोगाईकडे जाताना दिसायच्या. आत आडवं घातलेलं माणूस, उशाला बसलेली बाई, तिच्या मांडीवर स्टीलचा तांब्या. त्या दिवसांत मला एक गोष्ट समजली. दवाखान्याचं बिल म्हणजे आजाराच्या खर्चाचा लहानसा तुकडा असतो. जीपेचं भाडं, सोबत गेलेल्या माणसाचा बुडालेला रोज, शेजारणीवर सोपवलेली आणि तिला दूध न देणारी म्हैस, घरात राहिलेल्या लेकरांच्या शाळेला पडलेले खाडे, आणि मग महिनाभर उभं न राहता येणाऱ्या माणसाचं राहून गेलेलं काम. हे कुठल्याच कागदावर येत नाही. आणि हे सगळं टाळायला लागत होतं काय, तर पावडरीचा एक डबा, एक दोर आणि रोजचा अर्धा तास. मी ते केंद्राच्या बैठकीत बोलूनही दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कुटुंबनियोजनाच्या केसेस विचारल्या.

मधेच एकदा आमच्या तोंडचं पाणी पळालं. वडवणीकडच्या एका लग्नाहून सासूबाई परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट धरून बसल्या. ताई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर फडताळातल्या डब्याकडे होती. त्या वर्षी डबा भरत आला होता. मी म्हातारीची नाडी पाहिली, जीभ पाहिली, काय काय खाल्लं ते विचारलं. त्या आधी काही सांगेनात. मग म्हणाल्या, "बुंदी वाढणारा लई आग्रह करत हुता." किती वाट्या, ते त्यांनी सांगितलं नाही. दिवसभर क्षारसंजीवनी पाजली, संध्याकाळी त्या उठून भाकरी मागायला लागल्या. ताई आत गेल्या आणि मला त्यांचा हुंदका ऐकू आला. जीप करावी लागली नाही.

वैशाख गेला, जेठ गेला. त्या उन्हाळ्यात गावातून पाण्याच्या आजारानं एकही माणूस अंबाजोगाईला गेला नाही. माझ्या अहवालात आजारी किती, बरे किती, पाठवले किती, असे रकाने होते. मी सगळीकडे शून्य लिहिलं आणि ते कोरडं शून्य बघत कितीतरी वेळ बसलो. नोकरीत मला इतकं समाधान देणारा आकडा त्याआधी कधी मिळाला नव्हता.

आखाडाच्या सुरुवातीला मशीन आलं. एसटीच्या टपावरून उतरवलं, चार गड्यांनी उचलून ओसरीवर ठेवलं. ताईंनी त्याला हळदकुंकू लावलं, चाकाला फूल वाहिलं आणि शेजारच्या नव्या नवरीची मोरपंखी साडी पहिली घेतली. ओसरीवर बायकांची दाटी झाली होती. मशीनची सुई डावी-उजवी नाचत पदराच्या कडेवरून धावायला लागली, तशी सगळी ओसरी पुढे सरकून बघत राहिली. ताईंचा चेहरा मी पाहात होतो. त्या हसत नव्हत्या. फार जपून, ओठ आवळून, त्या साडी पुढे सरकवत होत्या.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"लेकरा, एक सांगू का? राग येऊ देऊ नगंस."

"सांगा की, आजी."

"तू अन् हिनं उनाळाभर त्या आडापायी लई दगदग केली. दर सोमवारी दोर सोडायचा, रोज ती पूड कालवायची. अन् या साली तर गावात कुनी आजारीच पडलं न्हाई." त्यांनी खरंच हळहळून मान हलवली. "समदी मेहनत फुकट गेली की रं तुमची."

मी तोंड उघडलं. सगळं शास्त्र माझ्या जिभेवर आलं होतं, आवाजही चढणारच होता. तेवढ्यात ताईंनी पाय थांबवला.

"व्हय, आत्याबाई," त्या मान वर न करता म्हणाल्या, "समदी फुकट गेली. पुढल्या साली बी अशीच जाऊ द्या."

आणि त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं. मी सासूबाईंजवळ बसून चहा मागितला.